थ्रेस्याच्या साडीचा जांभळा पट्टा

मित्रांनो, केरळच्या कुट्टनाडातल्या एका ख्रिस्ती देवळात, कपड्यांच्या कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात मी घडी होऊन पडलो आहे. मी एक जुना जांभळा पट्टा आहे. पापांची कबुली ऐकताना किंवा आजाऱ्याला तेल लावताना धर्मगुरू गळ्यात घालतात, तो.

माझं कापड आधी साडी होतं. आमच्याकडे लग्नात नवरा वेदीपुढे नवरीच्या डोक्यावर साडी पांघरतो. ती साडी बायका जन्मभर पेटीत जपतात आणि शेवटी तीच अंगावर घेऊन मातीत जातात. आमच्या गावातल्या थ्रेस्याचीही तशीच पेटीत होती. तिचा नवरा होडी उलटून वारला, त्यालाही वर्षं झाली होती. एका पुरात देवळातली सगळी वस्त्रं कुजली. तेव्हा थ्रेस्याने कुणाला न विचारता पेटी उघडली आणि साडीला कात्री लावली.

तिचा मुलगा वर्की बदकांचे थवे पाळायचा. तो घरी आला तेव्हा मी अर्धा शिवून झालो होतो. तो उंबऱ्यातच थांबला.

"अप्पाने दिलेली साडी आहे ती. आता तुला कशात पाठवू? बारदानात?"

थ्रेस्या खाली मान घालून शिवत राहिली. त्या दिवसापासून वर्कीने देऊळ सोडलं आणि आईशी बोलणंही सोडलं. तो तिच्यापुढे भाताचं ताट ठेवायचा, औषध आणून द्यायचा. पण शब्द नाही. एका छपराखाली अशी आठ वर्षं गेली.

माझे मालक कुरियन अच्चन. अच्चन म्हणजे आमचे धर्मगुरू. अबोल माणूस. मला घालण्याआधी ते माझ्यावरच्या क्रुसाचं चुंबन घ्यायचे. पहिल्याच वर्षी त्यांनी धर्मशिक्षणाच्या मुलांना कपाट उघडून दाखवलं होतं. पांढरा पायघोळ अंगरखा म्हणजे बाप्तिस्म्याची निर्मळता, कमरेची दोरी म्हणजे मनाचा लगाम, सगळ्यांवरून घालायचा रुंद झगा म्हणजे प्रेम, कारण ते सगळं झाकून घेतं.

"आणि हा पट्टा?" एका मुलीने विचारलं.

"हे ख्रिस्ताचं जू," अच्चन म्हणाले. "जुवाला दोन बाजू असतात, बाळ. एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला तो. म्हणून ओढवतं."

ते एकटे जेवायचे, एकटे झोपायचे. मला काढून खुंटीला अडकवताना कधीकधी त्यांचा हात माझ्यावर बराच वेळ राहायचा. त्या वेळी दुसरी बाजू त्यांना जाणवत होती की नाही, मला ठाऊक नाही.

माझ्यासमोर लोकांनी काय काय सांगितलं, ते मी कधीच सांगणार नाही. पण थ्रेस्याची एक गोष्ट सांगतो, कारण ती अच्चनांनी मला उतरवल्यावरची आहे. ती दर महिन्याला यायची. कबुली संपायची, क्षमा मिळायची, तरी ती उठायची नाही. एकदा अच्चनांनी विचारलं, अजून काही राहिलंय का?

"नाही अच्चन," ती म्हणाली. "घरी कुणी बोलत नाही, म्हणून जरा बसले."

अच्चन उठत होते, ते परत बसले.

पुढे थ्रेस्याने अंथरूण धरलं. वर्कीने स्वतः निरोप पाठवला नाही, शेजारणीने पाठवला. भर दुपारी अच्चन होडीतून गेले. वर्की दारात उभा होता. तो नुसता बाजूला झाला. अच्चनांनी मला गळ्यात घातलं, वाकून तिच्या कपाळाला आणि तळव्यांना तेल लावलं. वाकताना माझं टोक तिच्या हाताशी गेलं. तिने ते चाचपलं. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण बोटांना आपली शिवण कळली.

"वर्की, इकडे ये," ती म्हणाली. "इथे टाका वाकडा पडलाय बघ. तू भांडत होतास ना, तेव्हाचा आहे."

वर्की आला. त्याने माझं टोक हातात घेतलं, आणि मग टोकासकट आईची बोटं. तो वाकडा टाका त्याने अंगठ्याने चाचपला. मग म्हणाला, "अम्मच्ची, माझंच चुकलं."

अच्चन मला गळ्यातून काढू लागले. हे तुझंच आहे, तुझ्या अंगावर घालू दे, असं ते म्हणाले. थ्रेस्याने मान हलवली.

"मला रोज नेसते तो पांढरा मुंडू पुरे. हा पट्टा देवळातच राहू द्या. माझ्यासारख्या अजून येतील."

तिसऱ्या दिवशी ती गेली, पांढऱ्या मुंडूतच. वर्की पुन्हा देवळात मागच्या बाकावर येऊन बसू लागला. काही वर्षांनी कुरियन अच्चनही गेले; त्यांना नव्या पांढऱ्या वस्त्रांत मातीत ठेवलं. नवे अच्चन आले, त्यांच्याबरोबर चकाकणारे पट्टे आले, आणि मी या खणात आलो. कडेला कसर लागली आहे. आशीर्वादित कापड फाटलं की ते लादी पुसायला वापरत नाहीत, जाळून त्याची राख मातीत पुरतात. त्याचं मला भय नाही. पण दिवस फार लांब वाटतात. शनिवारी कबुलीला आलेल्यांची पावलं बाहेर वाजतात, कुणीतरी खाकरतं, आणि माझ्यापर्यंत कुणी येत नाही.

म्हणून तुम्हालाच सांगतो, मित्रांनो. जुनी वस्त्रं वर्षातून एकदा तरी उन्हात घाला, कडुलिंबाचा पाला घालून ठेवा. आणि प्रार्थना संपल्यावरही एखादी म्हातारी बाकावरून उठत नसेल, तर धावत पुढे जाऊ नका. तिच्या शेजारी बसायला जांभळा पट्टा लागत नाही.