जास्तीचं रिकामं घर

मैत्री रामटेके नागपूरहून पुण्यात नोकरीला आली ती दोन बॅगा, संगणकशास्त्राची पदवी आणि 'काहून' हा प्रश्न घेऊन. पदव्या पुण्याने पुष्कळ पाहिल्या होत्या. 'काहून'चं मात्र ऑफिसात फार हसू झालं. मीटिंगमध्ये कोणी म्हणालं, की हे आपण असंच करतो, की टेबलाच्या टोकाकडून आवाज यायचा, "पण काहून?" चार लोकांत शोभेल असं 'का' म्हणायला ती लवकरच शिकली, पण प्रश्न काही तिच्या जिभेवरून उतरला नाही. काही माणसांना कारण कळल्याशिवाय जेवण गोड लागत नाही, त्यातली ती.

ऑफिस सेनापती बापट रस्त्यावर होतं. कंपनी नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर लिहायची, म्हणजे कार्ड आणि कर्नल यांच्यामधले प्रोग्राम. कर्नल हा संगणकाचा कारभारी. बाहेर पाठवायची माहिती तो लहान पाकिटांत बांधून गोलाकार मांडलेल्या घरांत ठेवतो, आणि कार्ड ती एकेक उचलून तारेवर सोडतं. शेवटचं घर झालं की पुन्हा पहिलं. या गोलाला म्हणतात रिंग. भरणाऱ्याचं बोट पुढे धावतं, रिकामं करणाऱ्याचं त्याच्या मागून. आता गंमत बघा. दोन्ही बोटं एकाच घरावर आली, तर रिंग पूर्ण रिकामी आहे की गच्च भरली आहे? बोटांकडे पाहून काही सांगता येत नाही.

मैत्रीने हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती कँटीनमध्ये गेली, चहाचे कप गोल मांडले आणि साखरेच्या पुड्या त्यांत टाकत, काढत बसली. कँटीनवाल्याने दोनदा विचारलं, की ताई, चहा पण घेणार का. पुड्या संपल्या तेव्हा तिला कळलं, की एक कप कायम रिकामा ठेवला तर घोळ मिटतो. भरणाऱ्याने मागच्याच्या पाठीला चिकटण्याआधी थांबायचं. बोटं एकत्र आली म्हणजे रिंग रिकामीच, दुसरा अर्थच नाही. एका रिकाम्या घराने सगळा गाडा सुरळीत चालतो याचं तिला इतकं नवल वाटलं, की त्या संध्याकाळी तिने फोनवर आईलाही ते समजावलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की जेवलीस का.

कंपनीत मात्र जितके ड्रायव्हर तितक्या वजाबाक्या होत्या. किती घरं शिल्लक हा हिशेब प्रत्येकाने आपापल्या हाताने मांडलेला. कोणी एक आधी वजा करी, कोणी नंतर, आणि कोणी केला की नाही हे त्यालाही आठवत नसे. मैत्रीने सुचवलं, की दोनच लहान फंक्शनं लिहू. एक सांगेल किती घरं भरली आहेत, दुसरं सांगेल किती भरता येतील. एक घर रिकामं ठेवायचं ते त्या फंक्शनाच्या पोटातच राहील. बाकीच्यांनी फक्त विचारायचं, हिशेब करायचा नाही.

टीमचे प्रमुख दत्तप्रसाद आठल्ये यांनी कागद दोनदा वाचला. "कल्पना वाईट नाही," ते म्हणाले. त्यांच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी कोणाला मिळाल्याचं ऐकिवात नव्हतं. हे काम कर्नलच्या जाहीर मेलिंग लिस्टवर मैत्रीच्या नावाने जाईल, असंही त्यांनी सांगितलं. तिथे जगभरचे लोक वाचतात आणि पटलं तरच घेतात. तिचा उमेदवारीचा काळ संपत आला होता. काम तिथे घेतलं गेलं तर ती कर्नल टीममध्ये कायम होणार होती. नाही तर तिला टेस्टिंगमध्ये पाठवायचं असं ठरलेलं होतं, आणि तिथे दुसऱ्यांनी लिहिलेलं चालतं का एवढंच बघायचं असतं. का चालतं हे विचारायला वेळ नसतो. मैत्रीच्या दृष्टीने ती काळ्या पाण्याचीच शिक्षा होती.

बाकीचे ड्रायव्हर मुकाट्याने वठणीवर आले. अडला तो सगळ्यात जुना, कंपनीचं नाव ज्याच्यावर झालं तो. त्याच्या रिंगेत एक नव्हे, दोन घरं कायम रिकामी राहत होती. भरणारा भाग नियमाप्रमाणे एक घर सोडून थांबत होता. पण रिकामं करणारा भागही शेवटचं मोकळं झालेलं घर परत देतच नव्हता, एक पाऊल मागे राहत होता. त्यासाठी लिहिलेल्या ओळीशेजारी एका शब्दाचं स्पष्टीकरण नव्हतं.

आठल्ये सरांनी तिला अट घातली. ते दुसरं घर कशासाठी सोडलंय ते आधी शोध, मग काढ. कारण न कळता काढलेली ओळ पुढे कधीतरी उलटते, आणि त्यात त्यांचं काही चुकतही नव्हतं. तो रिकामं करणारा भाग श्यामसुंदर मोघ्यांनी लिहिला होता आणि मोघे केव्हाच कंपनी सोडून गेले होते. भरणारा भाग खुद्द आठल्यांचा. मोघ्यांना विचारू का, असं मैत्रीने म्हटल्यावर सर खिडकीकडे बघत म्हणाले, "तुला विचारायचं असेल तर विचार." त्यातल्या 'तुला'वर जरा जास्तच भार होता, पण तेव्हा तिच्या ते लक्षात आलं नाही.

आधी तिने चिपचं माहितीपत्रक पालथं घातलं. कार्ड पुढचं घर आधीच वाचून ठेवत असेल, म्हणून मोघ्यांनी जागा सोडली असेल, असा तिचा कयास होता. तसं काही निघालं नाही. मग तिने ती ओळ काढून कार्डावर मारा केला. तासन्‌तास पाकिटं सोडली, थांबवली, पुन्हा सोडली. एकही हरवलं नाही. आता तर तिला राहवेना. विनाकारण कोणी रिकामं घर सांभाळतं का?

रविवारी सकाळी कर्वेनगरहून बसने ती कसबा पेठेत गेली आणि विचारत विचारत मोघ्यांकडे पोचली. मोघे आता कॉलेजात शिकवत होते. गोल चेहऱ्याचा, बोलका माणूस. जुनी चाळ पाडून झालेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होता. तिने छापून आणलेलं पान त्यांच्यापुढे ठेवलं. आपलंच जुनं अक्षर ओळखावं तसे ते त्या ओळींकडे बघून हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, की चिप पुढचं घर आधीच वाचते, त्यासाठी ते ठेवलंय.

मैत्रीने नम्रपणे सांगितलं, की माहितीपत्रकात तसं नाही आणि तिने ते तपासूनही पाहिलंय.

"माहितीपत्रक वाचलंत? सगळं?"

"हो सर."

"अरेरे," मोघे म्हणाले आणि आत जाऊन पाणी पिऊन आले.

परत आल्यावर त्यांनी पान उलटं करून ठेवलं. मग जे सांगितलं ते असं. हा ड्रायव्हर लिहिला तेव्हा ते आणि दत्ता, म्हणजे आठल्ये, पाठीला पाठ लावून बसायचे. एका मीटिंगमध्ये, परदेशी गिऱ्हाइकासमोर, मोघ्यांनी दत्ताचा हिशेब चुकल्याचं सांगितलं. हिशेब चुकला होताच, पण सांगायची ती वेळ नव्हती. त्या दिवसापासून अबोला. पुण्यातला अबोला हा काय प्रकार आहे हे नागपूरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. भांडण नाही, आवाज नाही, सौजन्यात कुठे कमी नाही. फक्त शेजारी बसलेल्या तिसऱ्याला सांगायचं, 'आठल्यांना म्हणावं कोड टाकलाय', आणि आठल्ये हाताच्या अंतरावर बसलेले. अख्खा ड्रायव्हर असा निरोपानिरोपी लिहून झाला.

"त्याने त्याच्या बाजूला घर सोडलंय की नाही, मला माहीत नव्हतं," मोघे म्हणाले. "निरोपात असलं विचारता येत नाही. सोडलं नसतं तर भरलेली रिंग रिकामी समजली गेली असती, पाकिटं गेली असती, आणि बोल त्याला लागला असता. एकदा मी त्याला चार लोकांत खाली पाहायला लावलं होतं. पुन्हा नको. म्हणून माझ्याकडून एक ठेवलं."

"पण एकदा त्यांचा कोड उघडून पाहायचा ना, सर."

"दुसऱ्याचा कोड त्याला न विचारता उघडायचा नाही, असा आमचा तेव्हा शिरस्ता होता. आणि विचारायचं तर बोलावं लागतं."

जिन्यापर्यंत सोडायला आले तेव्हा मोघ्यांनी आपला फोन नंबर दिला, आणि सल्लाही दिला, की चिपचंच कारण लिहा. आठल्यांना ते पटेल, कोणी तपासणार नाही, आणि तुमची नोकरी पक्की होईल.

पेठेतल्या गल्ल्यांतून चालताना मैत्रीला तो सल्ला सोडेना. चिपचं कारण दिलं तर सर सही करतील हे खरं. पण मग तिच्या फंक्शनाला या एका कार्डासाठी जास्तीचं घर सोडायची पळवाट ठेवावी लागणार. आज या कार्डाला, उद्या आणखी कशाला. पुन्हा जितके ड्रायव्हर तितक्या वजाबाक्या, आणि त्याही तिच्या नावाने. खरं सांगावं तर ज्यांच्या सहीवर सगळं अडलं होतं, त्यांच्याच अबोल्याची गोष्ट त्यांच्या तोंडावर सांगायची. तिला भीती वाटली, आणि खोटं लिहायची लाजही वाटली. लाज जास्त निघाली.

सोमवारी ती सरांच्या केबिनमध्ये गेली आणि म्हणाली, की तांत्रिक कारण काहीच नाही. मग मोघ्यांनी सांगितलेलं सगळं, जसंच्या तसं, सांगून टाकलं. पॅचसोबत, म्हणजे लिस्टवर पाठवायच्या बदलासोबत, जायचं वर्णन तिने लिहून आणलं होतं: 'भरणाऱ्या आणि रिकामं करणाऱ्या, दोन्ही बाजूंनी आपापलं एक घर राखलं होतं. दुसरी बाजूही राखते आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं.'

सरांनी ते वाचलं. "दुसरं वाक्य चूक आहे," ते म्हणाले.

"काय चुकलं, सर?"

"मला ठाऊक होतं. मी त्याचा कोड उघडून पाहिला होता, पहिल्याच आठवड्यात." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला वाटलं, त्यानेही माझा पाहिला असणार. माझ्यावर विश्वास नाही हे दाखवायला मुद्दाम दुसरं घर राखलंय. म्हटलं, राहू दे. बघू कोण आधी काढतो ते."

मैत्रीने मनात हिशेब मांडला. कारण शोधायला आपण माहितीपत्रकं पालथी घातली, आणि कारण या टेबलापलीकडे बसून अटी घालत होतं. राग यायला हवा होता. पण समोरचा माणूस इतका ओशाळला होता, की तिला त्याची कीवच आली.

"त्याने खरंच पाहिला नव्हता?" सरांनी विचारलं.

"नाही सर. तुम्हाला बोल लागू नये म्हणून ठेवलं, असं म्हणाले."

आठल्यांनी चष्मा पुन्हा चढवून पडद्यावरची ती ओळ वाचली. मग म्हणाले, "माझं काढ. त्याचं राहू दे."

एरवी कोणीही हो म्हणून सुटलं असतं. मैत्रीने नकारार्थी मान हलवली. फंक्शन भरणाऱ्या बाजूचंच घर धरतं. रिकामं करणाऱ्याने झालेलं घर लगेच परत दिलं पाहिजे, नाही तर शेवटचं पाकीट जाऊनही गेलं नाही असं दिसतं. काढायची ती मोघ्यांचीच ओळ, असं तिने शांतपणे सांगितलं. सांगताना टेस्टिंग विभागाचा दरवाजा तिच्या डोळ्यांपुढे दिसत होता.

"त्याची ओळ त्याला न विचारता काढायची नाही," आठल्ये म्हणाले.

"मी विचारते, सर."

"नको. नंबर दे."

त्यांनी ऑफिसचा फोन पुढे ओढला आणि आकडे सावकाश दाबले. रीतीप्रमाणे मैत्रीने बाहेर जायला हवं होतं. ती गेली नाही. पुढे काय होतं हे कळल्याशिवाय तिचा पाय निघणं शक्य नव्हतं.

"श्याम, दत्ता बोलतोय," सर म्हणाले. "तुझी एक ओळ काढायची आहे. विचारायला फोन केलाय."

मग ते ऐकत राहिले. मध्येच त्यांनी वर्णनातलं दुसरं वाक्य खोडलं आणि कीबोर्ड मैत्रीकडे सरकवला. खाली सहीच्या जागी तुझ्या नावानंतर मोघ्यांचं नाव टाक, माझं त्याच्याखाली, असं त्यांनी बोटाने दाखवलं, आणि रिसीव्हरमध्ये म्हणाले, "नाही रे, हिशेब माझाच चुकला होता."