दोन जावांचा पाटा

मित्रांनो, देवासला एका घराच्या मागे, पाण्याच्या रांजणाशेजारी एक काळा दगड पडलेला आहे. बाहेरून येणारे त्याच्यावर पाय घासतात. कुणी त्याच्यावर धुणं आपटतं. तो दगड म्हणजे मी. मी जुना पाटा आहे, आणि एके काळी या घरातली सगळी जेवणं माझ्या पाठीवरून जात होती.

मला एका पाथरवटाने घडवलं. माळव्याचा काळा खडक फोडून त्याने आधी मला सपाट केलं, मग उरलेल्या तुकड्यातून माझा वरवंटा काढला. शेवटी छिन्नीने माझ्या अंगभर बारीक खाचा पाडल्या. त्याला टाकी लावणं म्हणतात. ती लागताना फार त्रास होतो, पण टाकी नसली तर मिरचीसुद्धा पाट्यावरून नुसती घसरत राहते.

बैलगाडीतून मी संताजीच्या घरी आलो. त्या काळी देवासात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एकच, पण काही गल्ल्या एका राजाच्या आणि काही दुसऱ्याच्या. संताजी थोरल्या पातीच्या पागेत घोडे सांभाळायचा आणि त्याचा धाकटा भाऊ रघुजी धाकट्या पातीच्या पागेत. चाकरी वेगळी असली तरी दोघांची चूल एकच होती.

त्या चुलीजवळ संताजीची बायको यमुनाबाई असायची. तिची एकुलती मुलगी बागलीला दिलेली. मग रघुजीचं लग्न झालं आणि कुक्षीहून पार्वती सून होऊन आली. तिला वाटण वाटता येत नव्हतं. पहिल्याच दिवशी तिने वरवंट्याखाली बोट चेचून घेतलं. यमुनाबाईने तिचं बोट गार पाण्यात धरलं आणि म्हणाली, "नुसत्या हाताने रेटू नकोस पारू, सगळं अंग पुढे टाक. आणि माहेराची आठवण येऊन रडायचं असेल, तर कांदा वाटताना रड. कुणाला कळत नाही."

पार्वती रडता रडता हसली. त्या दिवसापासून ती यमुनाबाईला अक्का म्हणू लागली.

ते माझे सुखाचे दिवस होते. सकाळी खोबरं, भाजलेला कांदा आणि धणे. सणासुदीला भिजवलेली खसखस. ती आमच्या माळव्यात मुबलक. वाटण काढून झालं की पार्वती माझ्यावर पाणी ओतायची आणि ते पाणीही रश्श्यात जायचं. दुपारी पुरुष जेवून उठले की दोघी जावा माझ्याजवळच बसत. लसूण, लाल मिरची आणि मीठ एवढंच वाटायचं, वर कच्चं तेल, आणि तव्यावरून उतरलेली मक्याची गरम भाकरी. ताटसुद्धा घेत नसत. माझ्यावरूनच चटणी पुसून खात आणि हळू आवाजात बोलत. कुणाच्या सासूचं, कुणाच्या म्हशीचं, कधी स्वतःचं. पुरुषांना रश्श्याची चव माहीत होती. त्या चटणीची चव फक्त त्या दोघींना आणि मला ठाऊक होती.

मग १९०६ सालचा दसरा आला. दसऱ्याला घोड्यांची पूजा असते. पहाटे दोघे भाऊ आपापल्या पागेचे घोडे धुऊन परत आणत होते आणि एका अरुंद गल्लीत समोरासमोर आले. एकाने मागे व्हायला हवं होतं. संताजी म्हणाला, "मी थोरल्या पातीचा घोडा मागे नेणार नाही." रघुजी म्हणाला, "मग मीही नेणार नाही." लोक जमले. कुणी हसलं, कुणी चिथावलं. कोणत्याही राजाला त्याचा पत्ता नव्हता, पण या दोघांनी राजांसाठी एकमेकांना नाही नाही ते बोलून घेतलं. घरी येऊन दोघांनी एकमेकांकडे पाठ करून जेवण केलं. दिवाळीच्या आत वाटणी झाली.

भांडी वाटली गेली. सगळ्यात शेवटी रघुजी माझ्याजवळ आला.

"पाटा जड आहे, तो राहू द्या इथेच," तो म्हणाला. "वरवंटा मी नेतो."

"ने," संताजी म्हणाला. "आमचं काही अडत नाही."

यमुनाबाई पुढे झाली. "भावजी, दोन्ही न्या. नाहीतर दोन्ही ठेवा. अर्धं नेऊन कुणाचं भलं होणार?"

रघुजीने वरवंटा पिशवीत घातला. पार्वतीने खाली वाकून मला हात लावला आणि म्हणाली, "अक्का, येते." यमुनाबाईने तिचा पदर नीट केला. रघुजीचं नवं घर तीन गल्ल्या सोडून, धाकट्या पातीच्या हद्दीत होतं. एकमेकांच्या घरी जायचं नाही, अशी दोघा भावांनी आपापल्या बायकोला ताकीद दिली.

संताजीने हट्टाने नवा वरवंटा करवून घेतला नाही. क्षिप्रेतून एक गोल गोटा आणला आणि म्हणाला, "हा पुरे." त्या गोट्याखाली काही नीट वाटलं जात नसे. दुपारची चटणी तर बंदच झाली. एकटीसाठी कोण वाटणार?

दोन वर्षांनी पार्वतीला मुलगा झाला. यमुनाबाईने त्याला लांबूनच पाहिलं होतं. घरी येऊन ती मला धुताना आपल्याशीच म्हणाली, "नाक अगदी पारूचं आहे."

त्या पौषात थंडी फार होती. एका संध्याकाळी दूधवाली धावत आली. "काकी, बेगी चालो, लवकर चला," ती म्हणाली. "पार्वतीभाभीच्या छोऱ्याला श्वास लागलाय. तिनं तुम्हालाच बोलावलंय."

यमुनाबाई तशीच उठली. परसातला अडुळसा तोडला, आल्यासोबत माझ्यावर ठेचला, पिळून रस वाटीत काढला, त्यात मध घातला. डोक्यावर पदर घेऊन ती दूधवालीमागून दारापर्यंत गेली, तेवढ्यात संताजी पागेतून परतला.

"कुठे?"

"पारूचं पोर आजारी आहे. एवढी वाटी देऊन येते."

"रघुजीने बोलावलंय?"

"पारूने बोलावलंय."

"त्याने हाक मारली तर मी स्वतः जाईन. त्याशिवाय या घरातून कुणी जायचं नाही. गेलीस, तर तिकडेच राहा."

यमुनाबाई वाटी घेऊन उंबरठ्यावर उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. मग परत आली आणि माझ्याजवळ बसली. अडुळशाचा चोथा माझ्या अंगावर तसाच सुकत गेला. दुसऱ्या दिवशी पोर गेल्याची बातमी आली, तेव्हा तिने मला धुतलं.

त्या रसाने पोर वाचलं असतं, असं मी म्हणत नाही, मित्रांनो. पण पार्वती रात्रभर दाराकडे बघत होती, असं दूधवालीने मागून सांगितलं.

त्यानंतर टाकी लावणारा गल्लीतून ओरडत जायचा आणि यमुनाबाई त्याला हाताने नको म्हणायची. माझ्या खाचा झिजल्या. मला चुलीजवळून उचलून परसात ठेवलं गेलं. असं किती तरी वर्षं चाललं.

पुढे दोघे भाऊ म्हातारे झाले, चाकरीतून सुटले. एका नात्यातल्या लग्नात ते शेजारी शेजारी बसले आणि पान लावता लावता बोलू लागले. त्याच आठवड्यात रघुजी बायकोला घेऊन जेवायला आला. ओसरीवर दोघे हसत होते. "किती वेडे होतो रे आपण," संताजी म्हणाला, आणि मग आत ओरडून, "आज दोघी मिळून करा बरं, पहिल्यासारखं."

पार्वती पाणी घ्यायला परसात आली. यमुनाबाई तिच्यामागून आली. दोघी माझ्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.

"पारू, मी निघाले होते गं," यमुनाबाई म्हणाली.

"माहीत आहे," पार्वती म्हणाली. "उंबरठ्यापर्यंत आला होतात. दूधवालीने सांगितलं होतं." पूर्वी ती अक्काला अगं म्हणायची. "चला, पुरुष माणसं खोळंबली असतील."

पुरुषांनी पोटभर खाल्लं, वाखाणणी केली. ते उठल्यावर यमुनाबाईने गरम भाकरी तव्यावरून उतरवली आणि दोघींसाठी एकच ताट घेतलं. पार्वती हात धुवायला माझ्याजवळ आली आणि तिथूनच म्हणाली, "माझा आज उपास आहे, जाऊबाई. तुम्ही बसा."

त्या दिवशी कसलाही उपास नव्हता.

मित्रांनो, मला पुन्हा टाकी लावा, असं माझं मागणं नाही. माझं जे व्हायचं ते झालं. पण तुमच्या घरात कधी वाटणीची वेळ आली, तर पाटे, वरवंटे, डेगी, तांबे हवे तसे वाटून घ्या. फक्त आजारी लेकरासाठी वाटी घेऊन निघालेल्या बाईला दारात अडवू नका.