चालत्या किल्लीला कानस नको

मी बोलतोय तो एका कुलूपवाल्याच्या फोनातून. बोलतोय म्हणजे बडबडतोय, ऐकतंय कोण! मला व्हीपीएन म्हणतात. सरळ सांगायचं तर भुयार. इकडचं बोलणं तिकडं न्यायचं, मधे बसलेल्या कुणाला दिसू द्यायचं नाही, एवढाच माझा धंदा.

मला जन्म दिला एका बाईनं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मदतीला दहा-बारा जण, एकमेकांचं तोंडही न पाहिलेले. पगार नाही, मालक नाही. माझी आतली सगळी शिवण चव्हाट्यावर मांडलेली. ज्याला कळते त्यानं उसवून बघावी, नीट करून द्यावी. बाईनं माझ्या कपाळावर लिहिलं, ‘प्रयोगासाठी. भरवसा ठेवू नका.’ पोटच्या पोराला कुणी असं म्हणतं का? पण खरं बोलली.

आमच्या कुलूपवाल्याच्या गावात गडबड झाली आणि सरकारनं बाहेरगावची फोनवरची सगळी बोलणी बंद केली. त्याची लेक नर्स, लांबच्या शहरात. ती तेव्हा रजेवर आली होती. जुनी भुयारं एकूण एक बुजवलेली. मी नवखा, कुणाच्या नजरेत न आलेला, म्हणून चाललो. तिनं मला फोनात बसवलं आणि बापाला बजावलं, “आबा, पडद्यावरचा हा दिवा हिरवा झाला की बोलायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही. कशालाही!”

“मला काय शिकवतेस? चालत्या किल्लीला कानस लावू नये, हे मीच तुला शिकवलं.”

मग रोज दुपारी दोन वाजता, तिची ड्यूटी लागायच्या आधी, म्हातारा कानशींच्या डब्याला फोन टेकवून, स्पीकर लावून बसायचा. बोलणी बंद पाकिटातून जातात, आतलं मला दिसत नाही. पण हा माणूस एवढ्या मोठ्यानं ओरडायचा की भिंतीलाही पाठ झालं असेल. जेवलीस का? पाय दुखतात का? खोलीचं कुलूप बदललंस का? रोज तेच.

बोलणं झालं त्या शेवटच्या दिवशी स्पीकरवर ती म्हणाली, “आबा, याही महिन्यात रजा नाही मिळत.”

म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. “नको येऊस! बाप मेला तरी तिकडूनच हात जोड!”

यानं फोन पालथा घातला.

त्याच रात्री माझ्यात खोट सापडली. फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर उडी मारताना माझं पांघरूण क्षणभर सरकतं आणि आतला माणूस उघडा पडतो. बाईनं ताबडतोब माझ्यासारख्या सगळ्यांना दार बंद केलं. बरोबरच केलं. तिच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं. माझ्या जागी धडधाकट भाऊ पाठवलाय. तो फोनात उतरून बसलाय. माझ्या तोंडावर निळं बटण आलंय, ‘नवी आवृत्ती घ्या.’ ते दाबलं की मी पुसला जाईन, तो उभा राहील, दिवा हिरवा होईल.

म्हातारा ते दाबत नाही. दोन वाजतात, तो हात पुसून बसतो. दिवा पिवळा. गोल फिरतंय, फिरतंय. हा बघतोय.

शेजारचा घड्याळवाला परवा वैतागला. “अहो, ते निळं बटण दाबा की एकदाचं!”

“चालत्या किल्लीला कानस लावत नसतात.”

“पण चालतीय कुठं ती?”

म्हाताऱ्यानं फोनची काच बाहीनं पुसली. मग म्हणाला, “किल्लीचा काय दोष? पोरगी रुसलीय. मी बोललोच तसं. तिचा राग गेला की लागेल दिवा.”

घड्याळवाल्यानं मान खाली घातली आणि चिमटा उचलला. त्याला काय, वाद संपला.

एकवीस दिवस झाले. तिकडं ती पोरगीही रोज दोन वाजता फोन हातात धरून बसत असेल. तिला वाटत असेल, आबांनी अजून फोन पालथाच ठेवलाय.

काल यानं फोनसमोर घसा साफ केला. पिवळ्या दिव्यालाच म्हणाला, “पोरी, मी रागात बोललो गं. मनावर घेऊ नकोस.” एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. माझं काम होतं ते वाक्य तिच्यापर्यंत न्यायचं. दार बंद. ते वाक्य इथंच पडून आहे, माझ्यापाशी.

तुमच्यापैकी कुणी या गल्लीतून गेलात, तर कुलपांची पाटी बघा आणि आत शिरा. म्हातारा खेकसेल, खेकसू दे. त्याला सांगा, लेक रुसलेली नाही. किल्ली खराब निघाली, कपाळावर लिहिलं होतं तसंच. मग त्याचं बोट धरा आणि त्या निळ्या बटणावर ठेवा.

माझं काय व्हायचं ते होऊ दे. दोन वाजायच्या आत या.