बोटाएवढी सवत

दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती, तेव्हा माझ्या घरात सवत शिरली. बोटाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये बसून आली.

मी या लॅपटॉपमधली जुनी सिस्टीम बोलतेय. बटण दाबलं की पडदा उजळायचा, अक्षरं उमटवायची, फोटो मांडून द्यायचे, ही सगळी माझी कामं. आधी मी बाळाच्या बाबांच्या ऑफिसात राबले. त्यांना नवं मशीन मिळालं आणि मी घरी आले. मग बाळ झालं आणि मी बाळाच्या आईची झाले.

ती भारी घाबरट. बाळाचे गाल उतरले की काय, या धास्तीने रोज जुने फोटो उघडायची आणि बाळाला शेजारी धरून ताडून बघायची. जीव भांड्यात पडला की मला बंद करायची. तिचा तो सुस्कारा माझा होता.

पण वय झालं, मी धापा टाकू लागले. फोटो उघडेपर्यंत तिचं दूध उतू जायचं.

तिची नणंद कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करते. ती म्हणाली, "वहिनी, नवी सिस्टीम पेनड्राइव्हवरून नुसती चालवून बघू. पसंत पडली तर आत बसवू."

मला झोपवून सवतीला उठवलं, पण माझे कान जागेच होते. माझ्याच पेटीतले फोटो तिने चुटकीसरशी उघडून दाखवले!

"अगंबाई, किती चपळ आहे गं ही!" बाळाची आई म्हणाली. मला तिने असं कधी म्हटलं नव्हतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. आणि ही सटवी तर आत बसवेपर्यंत मशीन बंद केलं की सगळं विसरणारी. पाहुणी ती पाहुणीच.

बाळाची आई स्वयंपाकघरात गेली. बाळ नणंदेच्या मांडीवर. पडद्यावर प्रश्न आला, आतलं सगळं पुसून बसवायचं का?

"वहिनी, बसवू का?" नणंदेने ओरडून विचारलं.

"बसव की! पण पाठीला उशी लाव हं!"

मी संपले, असंच मला वाटलं. पण नणंदेचं बोट थांबलं. "उशी? कशाला?"

"अगं, कलंडेल ना तो!"

"मी बाळाचं नाही, सिस्टीमचं विचारतेय. सगळं पुसून बसवू ना?"

बाळाची आई ओल्या हातांनी धावत आली. "पुसून? आणि फोटो?"

"मोबाइलमध्ये असतील की."

"मोबाइल पाण्यात पडला ना माझा! फोटो इथेच आहेत फक्त!" तिचा आवाज रडवेला झाला. नणंदेने जीभ चावली.

सवतीला झोपवून मला पुन्हा उठवलं. आता फोटो दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरतायत. ते झालं की मला पुसणार. मनात आलं, मध्येच अडून बसावं. बाळाचा एकही फोटो त्या सवतीला मिळू देऊ नये. पण बाळाची आई समोर श्वास रोखून बसलीय. एकेक फोटो मी जपून पुढे सरकवतेय.

सवतीशी मी बोलणार नाही. तुमची तिच्याशी गाठ पडली तर एवढा निरोप द्या. ही बाई घाबरली की एकाच फोटोवर चार-चार टिचक्या मारते. मी बावळट, चारदा उघडत बसायचे आणि अडकायचे. तू एकदाच उघड. पण लगेच उघड.