लाल टिकल्यांचा आराखडा

लंकाबाईला मुतखडा झाला तो चातुर्मासामुळे. डॉक्टरला हे पटलं नाही. तो म्हणाला, "पाणी कमी पिता, म्हणून झाला." पण पाणी कमी का पिता, एवढं त्याने विचारलं असतं तर गाडी फिरून चातुर्मासावरच आली असती.

लंकाबाई सायखेड्याची. दर शुक्रवारी पहाटेच्या टेम्पोने मेथी, कोथिंबीर, वांगी घेऊन ती नाशकात पाटकडेच्या बाजाराला यायची आणि दिवेलागणीला परत जायची. मधल्या सबंध दिवसात बाजारातल्या पुरुषांना पाटाची भिंत होती आणि बायकांना मंगल कार्यालय होतं. हे कार्यालय बाजाराच्या अगदी पाठीला. आत पांढरीशुभ्र फरशी, चोवीस तास पाणी, मुलीकडच्यांची वेगळी आणि मुलाकडच्यांची वेगळी सोय. फक्त आत शिरायला लग्न लागायचं.

लग्न असलं की बाजारातल्या बाया केसांत गजरा खोचून, दोघीदोघींनी, पाहुण्यांसारखं तोंड करून आत जायच्या. दारावरच्या माणसाने "कुणाकडच्या?" म्हटलं की "मुलीकडच्या" म्हणायचं. मुलीकडच्यांना कुणी उलटून विचारत नाही. शेजारी बांगड्यांचं दुकान लावणाऱ्या बिलकिसभाभीला तर वर्षाचे सगळे मुहूर्त तोंडपाठ होते. पंचांगात शंका आली तर गल्लीतले गुरुजी तिला विचारून जायचे. लंकाबाईने इतक्या अनोळखी जोडप्यांवर अक्षता टाकल्या होत्या की एकदा पाठवणीच्या वेळी एक नवरी तिच्याच गळ्यात पडून मोकळेपणी रडली. लंकाबाईलाही रडू आलं. कामाची घाई होती, तरी तिने पोरीला मधेच सोडलं नाही.

पण आषाढात देव झोपले की लग्नं बंद. ते कार्तिकात उठेपर्यंत बाजारातल्या बाया शुक्रवारी पाण्याला शिवायच्या नाहीत.

"अजून एक वर्ष असं काढलंत तर पोट फाडावं लागेल," डॉक्टर म्हणाला.

म्हणजे लंकाबाईला पुढच्या आषाढाच्या आत एक संडास पाहिजे होता. देवांना उठवण्यापेक्षा ते सोपं असावं, असा तिचा अंदाज होता.

माघात स्नेहल आली. पुण्याकडच्या कुठल्याशा संस्थेत ती कामाला होती आणि आपल्या कामावर तिचा मनापासून विश्वास होता. बाजारात मांडव घातला गेला. वर फलक लागला: 'लोकसहभागातून शहराचा आर्थिक विकास आणि लोककल्याण'. खाली चहा आणि समोसे. मधोमध टेबलावर बाजाराचा भलामोठा नकाशा, ज्याच्यात प्रत्येकाची बसायची जागा विमानातून दिसावी तशी दिसत होती.

"शहर तुमचं, आराखडाही तुमचाच," स्नेहल म्हणाली. "आम्ही फक्त ऐकायला आलोय." आणि मग ती बराच वेळ बोलली.

मुद्दा असा होता की बाजारासाठी एक शौचालय मंजूर होण्यासारखं आहे. सिंहस्थ जवळ आल्यामुळे शहरभर मिस्त्री आणि सिमेंट मोकाट फिरतंय, त्यातलं थोडं इकडे वळवता येईल. शौचालय कुठे व्हावं हे मात्र लोकांनीच ठरवायचं. प्रत्येकाला एक लाल गोल टिकली मिळेल. शौचालय जिथे हवं, तिथे ती नकाशावर चिकटवायची.

लंकाबाईने हात जोडले. नक्की कुणाला, ते तिलाही कळलं नाही.

आता इथे या बाजाराचा एक कायदा सांगायला हवा. पाटकडे जागेची पावती नसते, दगड असतो. ज्याचा दगड त्याची जागा. आठवडाभर दगड तिथेच राहतो आणि त्याला कुणी हात लावत नाही. मात्र तुमचा दगड तुम्ही स्वतःच्या हाताने उचललात तर जागा सुटली; मग जो आधी टेकेल त्याची. गेणू नारळवाल्याने एकदा पायाशी आलेला विंचू मारायला स्वतःचा दगड उचलला. तो विंचवाच्या मागे चार पावलं गेला, तेवढ्यात त्याच्या जागेवर एक लिंबूवाला बसला. गेणू आता वणीला नारळ विकतो. विंचू शेवटी सापडलाच नाही.

तर टिकल्या वाटल्या गेल्या, आणि कांदे-लसूणवाला सावळीराम लोकांच्या कानाला लागला. सावळीराम हा बाजार संघटनेचा अध्यक्ष. संघटना कुणी पाहिली नव्हती, पण अध्यक्ष दर शुक्रवारी दिसायचा.

"नकाशा घेऊन आलेला माणूस कधी काही द्यायला येतो का?" तो म्हणाला. "मागल्या खेपेला नकाशा आला, त्यात निसार छत्रीवाल्याची टपरी नव्हती. महिनाभरानं जमिनीवर बी नव्हती. ज्यानं त्यानं टिकली आपल्याच जागेवर लावा."

"अरे पण ती संडासाचं म्हणतेय," बिलकिसभाभी म्हणाली.

"म्हणू दे. तिचं काम ते. आपण जागा धरून ठेवायची."

बिलकिसभाभीने विचार केला. संडासाचं तिला नीट ऐकू आलं होतं, पण निसारचंही तिला आठवत होतं; तो तिचा चुलतदीर. तिने टिकली नेऊन नकाशावर आपल्या बांगड्यांच्या जागी लावली. पाठोपाठ सगळ्यांनी लावल्या. नकाशा गोवर आल्यासारखा दिसू लागला.

एकटी लंकाबाई नकाशावर पार बाजाराच्या शेपटाला गेली. तिथे एक पडकी पाण्याची टाकी होती, जिथे कुणी बसत नव्हतं. तिने टिकली टाकीवर लावली आणि अंगठ्याने दाबून धरली.

ती वळून बघते तर सावळीराम दात काढून उभा.

"आक्का, तू कुठं भलतीकडंच लावली? असू दे. म्या एक जास्तीची घेतली व्हती, तुझ्या जागेवर लावून टाकली. आपला माणूस आपण नाय बघायचा तर कुणी?"

लंकाबाईची जागा बाजाराच्या तोंडाशी, रस्त्याला लागून पहिली. गिऱ्हाईक आत शिरायचं ते तिच्या मेथीला हात लावूनच. सासूने तीस वर्षं तिथे दगड ठेवला, मग तिने. त्या जागेवर आता लाल टिकली चमकत होती. सावळीरामने माया केली होती. त्याला काय बोलणार?

फाल्गुनात स्नेहल परत आली ती आनंदाने लाल होऊन.

"संस्थेच्या इतिहासात इतकी तळमळ आम्ही कुठल्याच शहरात पाहिली नाही," ती म्हणाली आणि तिने एका मोठ्या चित्रावरचं कापड बाजूला केलं.

चित्रात पाटकडेचा बाजार नव्हता. तिथे एका रेषेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, संडास होते. जिथे जिथे कुणी बसत होतं, तिथे तिथे एक. कांद्यांच्या जागी एक, बांगड्यांच्या जागी एक, मेथीच्या जागी एक. समोरून गोरीगोमटी माणसं हातात फुगे घेऊन हसत चालली होती. वर नाव होतं: 'पाटकडे स्वच्छता संकुल'.

"आणि बाजार?" सावळीरामने विचारलं.

"बाजाराला जागा उरत नाहीये," स्नेहल हळहळली. "तो त्र्यंबक रस्त्याला बराच पुढे न्यावा लागेल. पण लोकांचा कौल स्पष्ट आहे. एक टिकली तेवढी टाकीवर होती. ती चुकून लागली असणार, म्हणून धरली नाही."

लंकाबाईने टाकीकडे पाहिलं. टाकीच्या जागी चित्रात कारंजं होतं.

"बाजार नाय, तर मग एवढ्या संडासांत जाणार कोण?" तिने विचारलं.

"त्याचा विचार दुसऱ्या टप्प्यात आहे, मावशी."

मग जो गोंधळ उठला तो कार्यालयातल्या बँडवाल्यांनाही ऐकू गेला. सावळीराम खुर्चीवर चढला. "आम्हाला संडास नको! एक बी नको! ठराव लिहा!" लोकांनी हात वर केले. लंकाबाईच्या पोटात तो खडा जागचा हलला. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, पुढे आषाढ.

स्नेहल घाबरली, पण डगमगली नाही. "ठराव कशाला? आराखडा तुमचाच आहे, तुम्ही बदलू शकता," म्हणत तिने मूळ नकाशा टेबलावर पसरला. "ज्यांना आपल्या जागेवर नकोय त्यांनी आपली टिकली काढा. एक जागा उरली की काम झालं. नाहीतर मात्र मला वर कळवावं लागेल की पाटकडेला काहीच नको."

सगळे टेबलाभोवती जमले आणि कुणीच हात लावला नाही.

"काढा ना," स्नेहल म्हणाली.

"काढू की. ह्या लिंबूवाल्याला आधी काढू दे."

"मी का आधी? अध्यक्ष कोण आहे?"

"अध्यक्ष शेवटी काढतो. तशी रीत आहे."

"कुठली रीत?"

"आत्ता पाडली!"

आपल्या जागेवर संडास होणार, हे आता प्रत्येकाला कळून चुकलं होतं. पण स्वतःच्या हाताने खूण उचलायची आणि शेजाऱ्याने नाही उचलली तर? चहा आला, गार झाला. सावळीरामने परत ठरावाचं काढलं. तिकडे स्नेहलने पेनाचं टोपण उघडलं.

तेव्हा लंकाबाई उठली. तिचा हिशेब सरळ होता: आपण सुरुवात केली की बाकीचे लाजेकाजेने काढतील, आणि टाकीवरची तेवढी राहील. तिने आपल्या जागेवरच्या टिकलीच्या कडेला नख लावलं.

"लंकाबाई, नको!" बिलकिसभाभी ओरडली. "उचलू नका! गेणूचं काय झालं, आठवा!"

"मला गेणूचं आठवतंय, भाभी. डाक्टरचं बी आठवतंय," लंकाबाई म्हणाली आणि तिने टिकली उपटली.

सगळ्यांच्या माना नकाशावर वाकल्या.

बाजाराच्या तोंडाची, रस्त्याला लागून पहिली जागा मोकळी झाली होती.

सावळीरामने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग त्याने कांद्यांवरची आपली टिकली सर्रकन ओढली आणि लंकाबाईच्या जागेवर थापली. "सुटली व्हती," तो म्हणाला. लिंबूवाल्याने तिच्यावर आपली थापली. मग कुणी कुणाला आवरेना. माणसं टेबलावर चढली. म्हाताऱ्यांनी काठ्या टाकल्या. जो तो आपली टिकली उचलून मोक्याच्या जागेवर चिकटवायला धावत होता, आणि धक्काबुक्की थांबली तेव्हा नकाशावर बाकी सगळीकडे शुकशुकाट होता. फक्त तोंडाशी टिकल्यांचा एक लाल ढीग उभा होता, चांगला बोटभर उंच. शेपटाला टाकीवर एक.

स्नेहलच्या डोळ्यांत पाणी आलं.

"एकमत," ती कशीबशी म्हणाली. "मी एकमताबद्दल फक्त वाचलं होतं." आणि तिने फोटो काढला.

"थांबा, थांबा! हे काय शौचालयासाठी—" सावळीराम म्हणाला आणि गप्प झाला. नको म्हणायचं तर टिकली उचलायला हवी होती. त्याने लिंबूवाल्याकडे पाहिलं. लिंबूवाल्याने त्याच्याकडे पाहिलं. ढिगाला कुणीच हात लावला नाही, आणि आराखडा मंजूर झाला.

संध्याकाळी लंकाबाई टेम्पोची वाट बघत होती, तेव्हा बिलकिसभाभी तिच्याजवळ येऊन बसली.

"संडास झाला तुमचा. पण जागा गेली ना, बाई. सासूची जागा. रडू येतंय का?"

"येतंय की."

"मग रडा."

"घरी गेल्यावर. आत्ता पाणी जपून वापरायचं हाय," लंकाबाई म्हणाली. दोघी हसत सुटल्या आणि मग लंकाबाई इथेच थोडी रडली.

पुढच्या शुक्रवारी सावळीराम आला तर त्याच्या जागेवर गोणपाट अंथरून लंकाबाई मेथीच्या जुड्या लावत होती.

"आक्का, ही माझी जागा हाय."

"व्हती."

"म्या दगड कुठं उचलला?"

"टिकली उचलली. समद्या बाजारानं बघितलं."

"ती नकाशावर व्हती!"

"मग तूच म्हणला ना, नकाशावर नसलं की जमिनीवर बी नसतंय."

सावळीराम न्याय मागायला बाजारभर फिरला. पण प्रत्येकानेच टिकली उचललेली. न्याय द्यायला बसायचं तर आधी स्वतःची जागा सिद्ध करावी लागली असती. सगळ्यांनी गुपचूप आपापल्या दगडावर बूड टेकवलं आणि त्याला पुढे जायला सांगितलं. शेवटी त्याने कांदे तोंडाशीच मांडले, पायाभरणीच्या खड्ड्याच्या कडेला, उरल्यासुरल्या जागेत.

बांधकाम ज्येष्ठात पुरं झालं. बायकांची रांग लागली आणि रांगेत उभं राहून दुसरं करण्यासारखं काही नसल्याने बाया कांदे-लसूण घेऊ लागल्या. सावळीरामचा धंदा दुपटीने वाढला. शौचालय तोंडाशीच पाहिजे हा विचार मुळात आपलाच, असं तो आता भाषणात सांगतो, आणि दुसरं कुठे बांधावं यावरही त्याची मतं आहेत. लंकाबाईचा धंदा मात्र बसला. आतल्या जागेपर्यंत गिऱ्हाईक येतं ते पिशवी भरून. मेथी दुपारपर्यंत माना टाकते. ती पाणी मारून मारून ताजी ठेवायला बघते.

श्रावणात स्नेहल कॅमेरा घेऊन आली. पाटकडेची गोष्ट तिला एका मोठ्या परिषदेत दाखवायची होती. सावळीराम केस विंचरून आधीच उभा होता, पण तिने लंकाबाईला निवडलं. मेथीच्या जुड्या नीट रचल्या, कॅमेरा तिकाटण्यावर बसवला.

"मावशी, इकडे बघून सांगा. लोकांनी स्वतः केलेल्या या आराखड्यामुळे तुमच्या आयुष्यात काय बदल झाला?"

लंकाबाईने कॅमेऱ्याकडे पाहिलं. बोलण्यासारखं बरंच होतं: जागेचं, धंद्याचं, सासूचं. तिने पदर सारखा केला.

"थांब पोरी, आलेच," ती म्हणाली. "मेथीकडं बघ जरा."

"आत्ता? मावशी, कॅमेरा चालू आहे."

"चालू दे की."

लंकाबाई उठून तोंडाकडे निघाली. घाई अशी काही नव्हतीच. वाटेत बिलकिसभाभीच्या नव्या बांगड्या तिने हातात घालून पाहिल्या, हिरव्यांचा भाव विचारला, जास्त आहे म्हणाली आणि परत काढून ठेवल्या.