अबोला असेल तर तिसरी घंटा नाही

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. कुलदीप नावाच्या एका नटाच्या पणजोबांच्या तांड्यात मी बैलाच्या गळ्यात होते. बैलांवरून माल वाहणे थांबले, तेव्हा त्याचे आजोबा खेमा यांनी मला कळमनुरीच्या नाटकमंडळीला देऊन टाकले. प्रत्येक प्रयोगाआधी मी तीनदा वाजायची. तिसऱ्यांदा वाजले की पडदा उघडायचा. तो मान माझा, हे मी जरा तोऱ्यातच सांगते!

मंडळीचे प्रमुख शेषराव यांचा एक नियम होता. दोन नटांत अबोला असेल, तर तिसरी घंटा द्यायची नाही.

विजयकुमार आणि कुलदीप हे त्यांचे लाडके नट. दोघांचे एकमेकांवर प्रेम, आणि आठ वर्षांपासून आखाडा बाळापुरात त्यांचा एकत्र संसार. विजयकुमारने एक नाटक लिहिले. त्यात असेच दोन पुरुष एका घरात राहतात, एकाचे पाऊल घसरते आणि दुसरा त्याला माफ करतो. घसरणाऱ्याचे काम कुलदीपकडे होते.

पहिल्या प्रयोगाच्या संध्याकाळी दोन घंटा झाल्या, आणि कुलदीप विंगेत रडू लागला.

"विजू, हे नाटक न्हाई, खरं हाय. नांदेडला होतो तवा मी दुसऱ्यासंगं होतो. आता तुझ्याम्होरं नुसती नक्कल कशी करू?"

विजयकुमार पाठ फिरवून उभा राहिला. बाहेर लोक शिट्ट्या मारू लागले. शेषरावांनी माझी दोरी धरली आणि सोडून दिली. माझा जीव तुटत होता. आठ वर्षांचे घर आता मोडते की काय!

शेवटी विजयकुमार बोलला, "लई तकलीफ होऊन राहिली मला. पण मी घर सोडून जाणार न्हाई. धर दोरी."

दोघांनी मिळून मला वाजवले.

शेवटच्या प्रवेशात 'माफ केलं' एवढेच वाक्य लिहिलेले होते. विजयकुमार ते म्हणालाच नाही. तो म्हणाला, "आज जमणार न्हाई. रोज थोडं थोडं करीन. तू फक्त खोटं बोलू नको."

पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या गोजरबाई डोळे पुसत मोठ्याने म्हणाल्या, "व्हय रे लेकरा, असंच असतंय!"

मी पुष्कळ शूर नट पाहिले, पण या दोघांसारखे नाहीत.

पुढे मंडळीने विजेची घंटा घेतली. मी खोक्यात काळी पडले. कुलदीपने मला घरी नेऊन दाराशी टांगले. तो मला दर आठवड्याला चिंच लावून घासतो. मित्रांनो, पितळ एकदा घासून भागत नाही, आणि माणसांचा जिव्हाळाही एकदा जपून भागत नाही. दोन्हींना सारखा हात लावत राहा.

या घरातही शेषरावांचाच नियम आहे. भांडण झाले की एकाने दोरी धरून दुसऱ्याची वाट पाहायची. दोन वर्षे पहिला हात कुलदीपचाच असे.

परवा तो विजयकुमारचा होता.