विधवेचं कलम

“हॅमो गाडीवान चांगला असेल हो, पण मला नको,” असं म्हणून गुनिल्डनं कारभाऱ्याच्या तोंडावर दार लावून घेतलं.

मी समोरच माझ्या अंगणात बिअरचं पिंप धूत होते. हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली. कारभारी रॅनल्फ लालबुंद होऊन माझ्याकडे वळला.

“बघितलंस एमट? घर जहागीरदारांचं, जमीन जहागीरदारांची, आणि माज हिचा!”

“माज कसला आलाय त्यात? नवरा गेल्यापासून वेठीचा एक दिवस तरी चुकवलाय का तिनं?”

“नांगराला पुरुष लागतो. ईस्टर होऊ दे. मग एक तर लग्न, नाही तर घर खाली.”

तो गेल्यावर मी तिच्याकडे गेले. गुनिल्ड चुलीशी बसली होती आणि तिची सहा वर्षांची पोर, ऑल्डिथ, मांडीवर झोपली होती. हॅमो वाईट माणूस नव्हता, हे मी तिला सांगून पाहिलं. दारू बेतानं प्यायचा, बैलांवरसुद्धा हात उगारायचा नाही. त्याला स्वतःचं घर नव्हतं आणि गुनिल्डच्या घरात पुरुष नव्हता, एवढाच कारभाऱ्याचा हिशेब.

“मावशी, थोरोल्ड मेला त्या रात्री मी काय केलं, सांगू?” ती म्हणाली. “झोपले. सकाळपर्यंत झोपले. लग्नानंतर पहिल्यांदा. आता दोन वर्षं झाली, रोज झोपते. माझी तेवढी झोप राहू द्या, बाकी जहागीरदारांनी काय हवं ते न्यावं.”

थोरोल्डचे हात मला ठाऊक होते. समोरच घर होतं माझं, सगळं ऐकू यायचं.

त्याच थंडीत राजाची सनद आमच्या देवळात वाचली गेली. आधीच्या राजाच्या मानेवर सरदारांनी पाय दिला तेव्हा कुठे ती पहिल्यांदा निघाली होती. आता पोरसवदा राजानं ती नव्यानं मोहोर लावून दिली होती. पाद्रीबाबा लॅटिनमधून वाचत आणि आमच्यासाठी आमच्या बोलीत सांगत. सुरुवातीला बिशपांना, सरदारांना, कुणाकुणाला नमस्कारांची लांबलचक माळ होती. फरशी बर्फासारखी गार, पोरं किरकिरायला लागलेली. पाद्रीबाबांनी हात हलवला आणि ती सगळी माळ सोडून थेट कलमांवर आले. त्याबद्दल आम्ही त्यांना दुवाच दिला.

पुढची कलमं आमच्या डोक्यावरून गेली. मग ते म्हणाले, “कुठल्याही विधवेला तिच्या मर्जीविरुद्ध लग्न करायला भाग पाडू नये.”

गुनिल्डनं माझा दंड असा धरला की वळ उठला. “परत वाचा,” ती मोठ्यानं म्हणाली. देवळात बाई अशी ओरडली नव्हती कधी. पाद्रीबाबांनी बिचाऱ्यांनी परत वाचलं.

“मी विधवा आहे,” ती बाहेर पडताना म्हणाली. “आहे ना मी?”

“आहेस बाई, आहेस.”

राजाचे न्यायाधीश त्या वर्षी फिरतीवर निघाले होते आणि ईस्टरआधीच्या उपासाच्या महिन्यात शहरात कोर्ट भरवणार होते. गुनिल्डनं तिथं जायचं ठरवलं. तिचा थोरला भाऊ विस्टन माझ्याकडे बिअर प्यायला बसला होता. त्यानं तर मूठच आपटली.

“जा तू! आपण काही जहागीरदारांचे जन्माचे बांधील नव्हे. आपला आजा पार नदीपलीकडून आला, स्वतंत्र माणूस होता तो. कुणाची वेठ त्यानं केली नाही.” ही आज्याची गोष्ट तो दर रविवारी सांगायचा. दुसऱ्या पेल्यानंतर आज्याला एक घोडाही मिळायचा.

“दादा, तिथं येऊन सांगशील हे?”

“न सांगायला काय झालं?”

दोन दिवस चालून आम्ही शहरात पोचलो. कोर्टात न्यायाधीश फ्रेंच बोलत होते आणि एक कारकून ते आमच्या बोलीत सांगत होता. गुनिल्डनं हातातला रुमाल पिळत पिळत आपलं म्हणणं मांडलं. मी विधवा आहे, सनदेत विधवेचं कलम आहे, मला लग्न करायचं नाही. एवढंच. चांगलं बोलली पोरगी. न्यायाधीशानं मान वर करून पाहिलं तिच्याकडे.

“ती आमची बांधील आहे, साहेब,” रॅनल्फ म्हणाला. “बांधील कुळानं मालकावर फिर्याद करायचा प्रश्नच येत नाही.”

न्यायाधीश काहीतरी बोलला. कारकून म्हणाला, “सनद राज्यातल्या स्वतंत्र माणसांना दिलेली आहे. तसं सुरुवातीलाच लिहिलंय.”

गुनिल्डनं माझ्याकडे पाहिलं. देवळात पाद्रीबाबांनी हात हलवून सोडून दिलेली ती माळ मला आठवली.

“मी स्वतंत्रच आहे,” ती म्हणाली. “आमचा आजा...”

“बापाकडचे दोन पुरुष आणा. बाईची साक्ष यात धरत नाहीत.”

“आणलेत, साहेब,” रॅनल्फ म्हणाला.

दारातून तिचा म्हातारा चुलता आला आणि त्याच्या मागून विस्टन. आम्हाला वाटलं होतं, तो आमच्यासाठी येतोय. रॅनल्फच्या गाडीतून आला होता तो.

“तू स्वतंत्र की बांधील?” कारकुनानं विचारलं.

विस्टन जमिनीकडे बघत होता. “बांधील.”

“तुझा बाप?”

“बांधील.”

“आजा?”

“तोही बांधीलच. नदीपलीकडचा वगैरे कुणी नव्हता.”

“ही बाई कोण तुझी?”

“बहीण.”

“सख्खी?”

“एका आईबापाची, साहेब.” आता मात्र त्याला रडू फुटलं.

चुलत्यानं नुसती मान हलवली. त्याला ऐकूच येत नव्हतं. फिर्याद निकालात निघाली आणि कारकुनानं पुढचं नाव पुकारलं. एवढ्या दूर चालत गेलो आणि बाहेर येईपर्यंत माझ्या बुटांवरचा चिखलसुद्धा वाळला नव्हता.

परतीच्या वाटेवर विस्टन आमच्यामागून पायीच येत होता. रॅनल्फनं त्याला गाडीत घेतलं नव्हतं. काम झालं होतं ना! शेवटी तो धावत पुढे आला.

“गुनिल्ड, माझी जमीन काढून घेणार होते गं. चार लेकरं आहेत माझी.”

“माहीत आहे, दादा.”

“शिव्या तरी दे मला.”

“कशाला? पोरं तुझीच आहेत ना.” ती पुढे चालत राहिली. मला मात्र राहवलं नाही. मी दोघींच्या वाट्याच्या शिव्या एकटीनं दिल्या.

पाद्रीबाबा भेटायला आले. माणूस मनानं चांगला, म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला. “माझंच चुकलं,” ते म्हणाले. “पण पोरी, असं काही एकदा लिहिलं गेलं की पुसलं जात नाही. आज स्वतंत्र माणसांना मिळालंय. कधीतरी सगळ्यांना मिळेल.”

“मिळू दे,” गुनिल्ड म्हणाली. “तोवर मी कुठे झोपू?”

पाद्रीबाबा तसेच उठून गेले.

घर सोडायचं तर पोरीला घेऊन जायचं कुठं? ईस्टरनंतरच्या पंधरवड्यात देवळाच्या दारात लग्न लागलं. हॅमोनं दाढी केली होती. देवाच्या कायद्यात बाईची मर्जी विचारावीच लागते, बांधील असली तरी. पाद्रीबाबांनी विचारलं, “गुनिल्ड, कुणाची जबरदस्ती नाही ना? तुझ्या मर्जीनं करतेस ना?”

सगळं गाव उभं होतं. रॅनल्फ होता. विस्टन बायकोच्या मागे उभा होता. देवाशपथ सांगते, ती नाही म्हणाली असती तर काय झालं असतं, हे त्या क्षणी मलासुद्धा ठाऊक नव्हतं. ऑल्डिथनं तिचा झगा मुठीत धरला होता.

“माझ्या मर्जीनं,” गुनिल्ड स्पष्ट म्हणाली.

मग लोक माझ्या अंगणात बिअर प्यायला आले. मी पेले भरत होते. समोर हॅमो आपलं गाठोडं खांद्यावर घेऊन घरात शिरला आणि आत सामान लावल्याचे आवाज येऊ लागले. गुनिल्ड मागून आली. दार उघडंच होतं. ती पोरीचा हात धरून बाहेर थांबली, आणि आतून कुणी “ये” म्हणेपर्यंत तशीच उभी राहिली.